काटेवाल्या काकूंची फुंकर

खुर्चीवर बसण्याआधी काकू ती एकदा हलवून बघत. डुगडुगली तर पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत, मगच टेकत. ‘थोडंसं’ हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. चहात साखर किती, तर पाऊण चमचा. हसताना तोंड मिटून हसत, कारण मोकळं हसलं की खोकला येई. जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबून खिडकीतून बाहेर बघत. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. बघण्यासारखं काही नव्हतं. दम्याचा पंप ओढला की श्वास धरून मांडीवर बोटाने दहा वेळा टकटक करत. मग चूळ भरत. चूळ भरेपर्यंत कोणाशी बोलत नसत, दारात मंत्री उभा असला तरी.

सुनेला या सगळ्या सवयी पाठ होत्या. अकरा वर्षं दोघी एका घरात होत्या. भांडण कधी झालं नाही, गळ्यात गळाही कधी पडला नाही.

काकू वजनकाटे दुरुस्त करायच्या. दुकान घराच्या खालीच होतं. नवरा गेला तेव्हा सगळे धरून चालले की दुकान विकणार. तीन आठवड्यांनी काकूंनी शटर वर केलं आणि अर्धवट राहिलेला स्प्रिंगचा काटा पुढ्यात ओढला. काम शिकवायला कोणी नव्हतं. वीस वर्षं नवऱ्याला जेवणाचा डबा नेऊन देताना जेवढं डोळ्यांनी उचललं होतं, तेवढ्या भांडवलावर त्या बसल्या. पुढे बावीस वर्षं तिथेच बसल्या. पितळी वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं असतं. वजन झिजलं की शिसं भरायचं, जड झालं की कोरायचं. काकूंचा हात यात असा बसला होता की तपासणीला येणारा साहेब त्यांचं वजन दुसऱ्यांदा तोलत नसे. एखादा दुकानदार तणतणत यायचा की नवीन माल दरवेळी कमी भरतो. काकू म्हणायच्या, मालाला नावं ठेवायच्या आधी तुमचा काटा शून्यावर उभा आहे का ते बघा.

दमा त्यांना लहानपणापासून होता. मुलाला त्याने सोडलं आणि नातीला गाठलं. नात आठ वर्षांची. सगळे तिला बिट्टी म्हणत. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बिट्टीला असा झटका आला की तिचे ओठ निळे पडले. मुलगा मालगाडीवर गार्ड, तो त्या दिवशी तीनशे मैलांवर. सुनेने पोरीला उचलून रस्त्यावर धाव घेतली, अनवाणी. त्या दिवशी बिट्टीने उकडलेलं अंडं खाल्लं होतं.

तिथून फ्रिजवरची यादी सुरू झाली. पहिलं नाव अंड्याचं. मग कोणी सांगितलं, दही थंड. दही गेलं. केळं कफ करतं, केळं गेलं. संत्रं आंबट. दूध जड. शेजारीण, मैत्रीण, फोनवरचा ग्रुप, ज्याला जे सुचलं ते त्या कागदावर चढलं. खोडलं काहीच गेलं नाही. बिट्टीच्या ताटात मऊ भात, बटाटा आणि दुधी राहिला. चार वाजता मूठभर सुकवलेले केशरी जर्दाळू मिळत, कारण ते पौष्टिक. सून ते महागातले आणायची, पोरीसाठी आणि काकूंसाठीही. काकू आपल्या वाटणीचे बरणीत भरून ठेवत. गोड त्यांना आवडत नसे.

एका रविवारी काकूंनी बिट्टीला दुकानात नेलं आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. हे त्या दर वर्षी करत. अठरा किलो सहाशे. मागच्या वर्षीचा आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहिलेला होता. अठरा किलो चारशे.

काकू वर आल्या. सून कपड्यांच्या घड्या करत होती.

“दोनशे ग्रॅम,” काकू म्हणाल्या. “या काट्यावर दोनशे ग्रॅमचा फरक मी चुकीत धरते. वाढीत नाही.”

सुनेने घडी मोडली आणि पुन्हा घातली. तिला ते लागलं. पोरीचं मनगट रोज तिच्याच हातात असायचं.

दुसऱ्या दिवशी तिघी डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. अंड्याची, दुधाची, शेंगदाण्याची ॲलर्जी कुठेच निघाली नाही. ड जीवनसत्त्व मात्र बरंच कमी निघालं. त्यांनी थेंब लिहून दिले आणि काकूंच्याही रक्ताचा कागद बघून त्यांनाही गोळी दिली. सुनेने विचारलं, याने दमा जाईल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कमी आहे ते भरून काढायचंच, हाडांसाठी तरी. दम्याला त्याचा किती उपयोग, यावर अजून जाणत्यांचं एकमत नाही. फळं, भाज्या भरपूर खाणाऱ्यांची छाती जरा बरी राहते असं दिसतं. पण रोजचा पंप तो रोजचा पंप. आणि ही यादी फाडून टाका.

सुनेने मान हलवली. यादी फ्रिजवरच राहिली. घरी येऊन गोळ्यांकडे बघताना मात्र तिचा चेहरा उजळला होता. मुलगा नंतर म्हणाला की तिने असं तर माझं स्थळ आलं तेव्हाही बघितलं नसेल.

त्या रात्री जेवताना काकूंनी आपला बेत सांगितला. यादीतली एकेक वस्तू त्या स्वतः खाणार. चौदा दिवस, रोज, एका वेळी एकच. सकाळ-संध्याकाळ फुंकर मोजणार. दमेकऱ्यांना फुंकर मोजायला प्लास्टिकची नळी मिळते, आत स्प्रिंग असते, फुंकलं की काटा पुढे सरकतो. काकूंकडे ती होतीच. दर वेळी तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा त्या वहीत लिहीतच असत. आकडा चौदा दिवस उतरला नाही तर ती वस्तू यादीतून खोडायची आणि बिट्टीच्या ताटात वाढायची.

सून म्हणाली, “आई, तुमची छाती वेगळी, तिची वेगळी.”

“वेगळीच. पण तुझी भीती एकच आहे. ती माझ्यावर खरी ठरली तर मला निदान पंप सापडतो आणि दवाखान्यात चालत जाता येतं.”

मुलाने विचारलं, आईस्क्रीमचे चौदा दिवस कधी आहेत, तेवढी रजा टाकतो. कोणी हसलं नाही. बिट्टी हसली.

गोळी आणि थेंब लगेच सुरू करायचे असं सुनेचं म्हणणं. काकूंनी ऐकलं नाही. एका वेळी एकच, म्हणजे एकच. बिट्टीचे थेंब डॉक्टरांनी सांगितले तसे चालू होऊ देत. त्यांची स्वतःची गोळी मात्र आपला नंबर येईल तेव्हा.

दह्याचे चौदा दिवस झाले. आकडा दोनशे सत्तरच्या आसपास, कधी पाच वर, कधी पाच खाली. काकूंनी पट्टी लावून यादीतलं दही खोडलं. सुनेने त्या दिवशी बिट्टीला चार चमचे दही वाढलं आणि सबंध दुपार तिच्या पाठीला कान लावून बसली. काही झालं नाही. केळं खोडलं. संत्रं खोडलं. बिट्टी संत्र्याच्या फोडी चोखून बिया वाटीत रांगेने मांडायची. सून बघत राहायची. तिला रडू यायचं आणि राग यायचा, आणि राग कोणावर धरायचा ते कळायचं नाही.

मग गोळीचा नंबर आला. त्याच मंगळवारी सकाळी काकूंच्या हातून नळी मोरीत पडली. काटा अडखळायला लागला. काकू दुकान उघडण्याआधी जाऊन नवी घेऊन आल्या. जुनी पुसून खणात टाकली. त्या काही टाकून देत नसत.

चौथ्या दिवशी आकडा तीनशे पाच. आठव्या दिवशी तीनशे दहा. पुढेही तिथेच.

बावीस वर्षं आकड्यांत काढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं की गोळीने छाती एका रात्रीत सुधारत नाही. पहिल्याच दिवशीचा आकडा तीनशे होता. पण त्या दिवशी त्यांनाही ते खरं हवंच होतं. त्या आठवड्यात काकू सातव्या पायरीवर थांबल्या नाहीत. वर येऊन धापा टाकल्या, पण थांबल्या नाहीत.

सुनेला तर आकाश ठेंगणं झालं. तिने नवऱ्याला फोन केला, बहिणीला केला. गोळीने काकूंच्या जन्माच्या दम्यात एवढा फरक, तर कोवळ्या पोरीत किती पडेल. पंपाची सवय लागते असं तिने कुठेतरी वाचलं होतं. ती कोणाला काही बोलली नाही. तिने फक्त बिट्टीचा संध्याकाळचा पंप द्यायचा सोडला.

दूधही खोडलं गेलं. पुढचा नंबर अंड्याचा होता. पण काकू म्हणाल्या, यादीत नसलेलंही एकदा बघू. बरणीतले जर्दाळू त्यांनी चार वाजता खाल्ले. सहा वाजता फुंकलं तर दोनशे पन्नास. छातीत शिट्टी वाजत होती. पंप ओढावा लागला. त्यांनी चार दिवस सोडून पुन्हा खाल्ले. पुन्हा दोनशे पन्नास. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या की रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाचं औषध लावतात, काही दमेकऱ्यांना ते बाधतं. आता पुन्हा करून बघू नका, घरात आणूही नका. काकूंनी बरणी रिकामी केली. सुनेला ही बातमी देताना त्यांनी आवाज मऊ ठेवला. तरी सून म्हणाली, “म्हणजे जे बंद केलं ते चांगलं, आणि जे हाताने भरवलं ते वाईट. छान.”

“तुला कोणी सांगितलं होतं?” काकू म्हणाल्या. “मलाही नव्हतं.”

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी सुनेचा फोन वाजला. काकूंचा होता, खालून. खाली ये, शटर अर्धं ओढलंय, वाकून ये.

दुकानात बाकावर गरम पाण्याची रबरी पिशवी होती, फुगवलेली. तिच्या तोंडाला रबरी नळी. पलीकडे दोन प्लास्टिकच्या नळ्या, जुनी आणि नवी. वर दोरीला पाच किलोचं वजन टांगलेलं. खणात चिमटा शोधताना काकूंना जुनी नळी दिसली होती. काट्याखाली मोरीतला साबण सुकून बसला होता. तो त्यांनी साफ केला, काटा मोकळा फिरायला लागला, आणि मग त्यांना राहवलं नाही.

“बघ,” म्हणाल्या. त्यांनी दोरी सोडली. वजन पिशवीवर पडलं, सगळी हवा जुन्या नळीतून गेली. काट्याचा आकडा त्यांनी सुनेलाच वाचायला लावला. पिशवी पुन्हा फुगवली. वजन तेवढ्याच उंचीवर टांगलं. या वेळी नवी नळी. पुन्हा जुनी. पुन्हा नवी. दहा वेळा. दर वेळी नवी नळी चाळीसने पुढे.

सुनेला आधी कळलं नाही. मग कळलं.

“गोळीने नाही वाढलं,” काकू म्हणाल्या. “नळीने वाढलं. माझी छाती आहे तिथेच आहे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “दुनियेला सांगत आले, आधी काटा बघा. घरी नवा आणला तो तसाच तोंडाला लावला. प्लास्टिकचा, म्हणून त्याला मी काटा मानलाच नाही.”

काकूंना हे सांगायची काही गरज नव्हती. जुनी नळी खणातच राहिली असती. यादी जवळजवळ संपली होती, पोर खायला लागली होती, आणि एवढं कष्टाने रांगेला लागलेलं सगळं या एका वाक्याने विस्कटलं असतं. सून पुन्हा फ्रिजवर नवा कागद लावेल, ही भीती त्यांना होतीच. ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. तरी त्यांनी तिला वाकून आत यायला लावलं होतं.

सून स्टुलावर बसली. 

“आई,” ती म्हणाली, “मी तीन आठवडे तिला संध्याकाळचा पंप दिला नाही.”

काकूंचा हात दोरीवर होता. तो तिथेच राहिला.

“खोकते?”

“काल रात्री. परवाही. मला वाटलं, हवा बदलली.”

काकू तिला लागेल असा एकही शब्द बोलल्या नाहीत. फोन उचलला, डॉक्टरीणबाईंना जसंच्या तसं सांगितलं, सुनेच्या नावाने एक, स्वतःच्या नावाने दोन चुका: नळी तपासली नाही, आणि गोळीचा आकडा खरा मानला. शाळेतून आली की लगेच घेऊन या, असं तिकडून सांगितलं. मग दोघी शटर ओढून शाळेपर्यंत चालत गेल्या. वाटेत काकू दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा थांबल्या म्हणून थांबल्या, काही बघायचं नाटक केलं नाही.

बिट्टीच्या छातीत बारीक शिट्टी होती. डॉक्टरीणबाईंनी तिथेच औषधाची वाफ दिली, पंप सकाळ-संध्याकाळ पुन्हा सुरू केला. आठवड्याने शिट्टी गेली. आणखी काही दिवस गेले असते तर काय, हे सुनेने विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंही नाही.

दवाखान्यातून परतल्या त्या संध्याकाळी सून फ्रिजसमोर उभी राहिली. हातात पेन होतं. खोडलेली नावं ती पुन्हा लिहिणार, असं काकूंना वाटलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात वही उघडून उभ्या होत्या.

“थांब. आधी हिशोब ऐक. नव्या नळीतून चाळीस काढ. तीनशे दहाचे दोनशे सत्तर. गोळीआधी दोनशे सत्तर, गोळीनंतर दोनशे सत्तर. वाढलं नाही, हे खरं. पण दह्याने उतरलं नाही, केळ्याने नाही, संत्र्याने नाही, दुधाने नाही. जर्दाळूने उतरलं, ते एकाच नळीवर उतरलं, म्हणून तेही खरं.”

“आणि गोळी?”

“गोळी चालू. डॉक्टर म्हणाल्या कमी आहे, म्हणून चालू. पंपाच्या जागी नाही.”

सुनेने कागदाच्या तळाशी जर्दाळू लिहिलं. बाकीचं खोडलेलं तसंच ठेवलं. मग पेनाचं टोक यादीतल्या पहिल्या नावावर, अंड्यावर, टेकवलं. ते अजून खोडलेलं नव्हतं.

“हे मला जमायचं नाही,” ती म्हणाली. “तिचे ओठ मी बघितलेत.”

“तुला नाहीच जमायचं,” काकू म्हणाल्या. “ते मला जमवायचंय.”

त्यांनी पुढचा आठवडाभर नुसती फुंकर मोजली, काही नवं न खाता, दोन्ही नळ्यांवर. नवी नळी दर रविवारी रबरी पिशवीवर तपासायची असं ठरवलं. मग वहीचं नवं पान काढलं, पट्टीने चौदा ओळी आखल्या, आणि रोज सकाळी आठला एक उकडलेलं अंडं खायला लागल्या. त्यांना अंडं आवडत नव्हतं. नाक धरून खात. बिट्टी समोर बसून अंड्याचा पिवळा भाग कसा लागतो ते विचारायची. काकू सांगायच्या की खडूसारखा, पण तू विश्वास ठेवू नको, तू स्वतः खाऊन ठरव. केव्हा, म्हणून ती विचारायची. काकू दिवस मोजून सांगायच्या. सून पाठमोरी भांडी लावत असायची, ऐकत असायची. एकदा ती न वळता म्हणाली की पंधराव्या दिवशी पहिलं अंडं मीच उकडीन, दुसऱ्या कोणाच्या हातचं नको.

नवव्या दिवशी सकाळी साडेअकराला दुकानासमोरचा कुलूपवाला धावत जिना चढून आला. काकू खाली दुकानात बाकावर होत्या. समोर एक स्प्रिंगचा काटा उघडलेला होता. त्या मान खाली घालून काम करतायत असंच त्याला बराच वेळ वाटलं होतं.

हृदय बंद पडलं होतं. श्वास कोंडल्याची कसलीही खूण नव्हती. दम्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगा आला तेव्हा त्यालाही सांगितलं. सुनेने त्यांना बाजूला घेऊन पुन्हा विचारलं.

“अंड्याने नाही ना?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की,” डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी सात वाजता घर माणसांनी भरलेलं होतं. सून गर्दीतून वाट काढत बिट्टीपर्यंत गेली, तिला पंप दिला, दहा आकडे मोजले, चूळ भरायला लावली. कोणीतरी म्हणालं, आज राहू दे. तिने ऐकलं नाही.

वही चार दिवसांनी उघडली गेली. घरात फुंकून आकडा लिहावा अशी दम्याची आता एकच छाती उरली होती, बिट्टीची, आणि हे तिच्यावर येऊ नये म्हणूनच काकूंनी ते अंगावर घेतलं होतं. पानाच्या वर ‘अंडं’ लिहिलेलं होतं. पट्टीने आखलेल्या चौदा ओळी, प्रत्येकीला दोन रकाने. आठ ओळी भरलेल्या, सगळे आकडे तीनशेच्या वर. नवव्या ओळीत सकाळ: तीनशे दहा. संध्याकाळचा रकाना कोरा. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा हे दिवसांचे आकडे काकूंनी समासात आधीच घालून ठेवले होते.